बुरशीलाही लागतो 'वापसा'! बाळाच्या तोंडातली, घडीतली, नखातली बुरशी रूप कधी बदलते आणि का?

घरात दोन महिन्यांचं बाळ. त्याच्या जिभेवर आणि गालाच्या आतून दही चिकटावं तसे पांढरे ठिपके. दूध साचलं असेल म्हणून आजी ओल्या फडक्याने पुसते, पण निघत नाही. जरा जोर लावला तर खालची जागा लालभडक होते आणि बाळ दूध ओढायचं सोडून रडायला लागतं. आजीला स्वतःला मधुमेह. तिच्या काखेत आणि स्तनांखालच्या घडीत लाल, ओलसर चट्टा, सतत आग. सुनेचे हात दिवसभर धुणं-भांडी आणि शेणपाण्यात, तिच्या नखांच्या कडा सुजलेल्या. आणि भातलावणी करून आलेल्या घरधन्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या.

चार माणसं, चार तक्रारी आणि मेडिकलमधून आणलेली चार वेगवेगळी मलमं. असं घर कोणत्याही गावात सापडेल. गंमत अशी, की बाळाच्या तोंडातला थर, आजीच्या घडीतला चट्टा आणि बऱ्याचदा सुनेच्या नखाची कड, या तिन्ही ठिकाणी एकच बुरशी सापडते. तिचं नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. चिखल्यांमध्येही ती असू शकते, फक्त तिथे ती एकटी नसते, इतर बुरशी आणि जिवाणूही सोबतीला असतात.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही बुरशी आली कुठून?" उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. बहुतेक वेळा ती कुठूनही आलेली नसते. ती आधीपासून अंगातच असते. बदललेलं असतं ते तिचं रूप आणि तिच्या भोवतीची परिस्थिती. हे एकदा समजलं, की औषध का लागतं, नुसत्या औषधाने का भागत नाही आणि बरं झालेलं पुन्हा का उलटतं, हे सगळं उलगडतं.

एकच बुरशी, दोन रूपं

अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या योनीमार्गात कॅन्डिडा राहते. बाळाला ती बहुधा जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर आईकडून, हाताळणाऱ्यांकडून मिळते. ती वर्षानुवर्षं मुक्काम करते आणि माणसाला कळतही नाही.

या शांत काळात तिची पेशी गोल किंवा अंड्याच्या आकाराची असते. या रूपाला यीस्ट म्हणतात. पाव फुगवायला बेकरीवाले वापरतात तेही यीस्टच, पण ती जात वेगळी. कॅन्डिडाची एक पेशी इतकी बारीक, की एका मिलिमीटरच्या रेषेत साधारण २०० पेशी ओळीने बसतील. वाढताना तिच्या अंगाला एक फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि तुटून वेगळी पेशी बनते. गोलाला गोल, त्याला पुन्हा गोल. असं रूप पृष्ठभागावर राहू शकतं, लाळेबरोबर किंवा रक्ताबरोबर वाहून दुसरीकडे जाऊ शकतं, पण कातडीच्या आत स्वतःहून घुसणं त्याला फारसं जमत नाही.

परिस्थिती बदलली की याच गोल पेशीतून एक बारीक नळी बाहेर पडते. नळी लांब लांब होत जाते, तिला फाटे फुटतात आणि तिचा तंतू होतो. जमिनीत मूळ घुसावं तसा हा तंतू तोंडाच्या, आतड्याच्या किंवा कातडीच्या थरात घुसतो. या दोन्हींच्या मधलंही एक रूप आहे. त्यात लांबट पेशी एकमेकींना चिकटून मण्यांच्या माळेसारख्या दिसतात.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. ज्वारीचं बी कणगीत वर्षभर पडून राहतं, त्याला कोंब येत नाही. तेच बी पाऊस पडून वापसा आल्यावर पेरलं, की तीन-चार दिवसांत वर दिसतं. बी तेच, जमिनीची स्थिती वेगळी. मटकी डब्यात असते तेव्हा दगडासारखी असते. भिजवून फडक्यात बांधून उबेला ठेवली, की सकाळी मोड आलेले असतात. कॅन्डिडाचंही असंच आहे. तिला तिचा वापसा मिळाला, की तिला कोंब फुटतो.

हा कोंब प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बघता येतो. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेली बुरशी रक्तातल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात मिसळतात आणि ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. दोन ते तीन तासांत सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींना नळ्या फुटलेल्या दिसल्या, तर ती बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स असं धरलं जातं. साधी, स्वस्त आणि गेली अनेक दशकं जगभर वापरात असलेली ही तपासणी आहे. बुरशीचं रूप परिस्थितीवर चालतं, याच गोष्टीवर ती उभी आहे.

बुरशीचा वापसा म्हणजे नेमकं काय?

पेरणीला नुसतं पाणी पुरत नाही. ओल, ऊब, हवा, सगळं जुळावं लागतं. बुरशीचंही तसंच. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत एकेक गोष्ट बदलून पाहिली आणि रूप बदलायला लावणाऱ्या बऱ्याच खुणा शोधल्या. त्यातल्या मुख्य अशा :

ऊब. २५ ते ३० अंशाला कॅन्डिडा बहुतेक गोल राहते. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशाला, तंतू व्हायची तयारी होते. पेशीत एचएसपी-९० नावाचं एक प्रथिन असतं. थंडाव्यात ते तंतूच्या वाढीवर दाबून बसतं, तापमान चढलं की त्याची पकड ढिली होते. एका अर्थी हा बुरशीच्या आतला थर्मामीटर आहे.

रक्तातलं सीरम. सगळ्यात जोरदार इशारा हाच. सीरम लागलं म्हणजे आपण शरीराच्या आत पोचलो, असं जणू बुरशीला कळतं.

आंबटपणा. भोवतालचं पाणी चांगलं आंबट असेल, तर गोल रूप टिकतं. आंबटपणा कमी होऊन ते साध्या पाण्याच्या जवळ आलं, की तंतू फुटू लागतात. यातली एक बाब मजेशीर आहे. कॅन्डिडा साखरेऐवजी प्रथिनांचे तुकडे खाऊ लागली, की अमोनिया बाहेर टाकते. त्यामुळे तिच्या भोवतालचा आंबटपणा आपोआप कमी होतो आणि तिला कोंब फुटतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे स्वतःचा वापसा स्वतःच तयार करणारी ही बुरशी आहे.

हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड फक्त ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो. शरीराच्या आत तो सुमारे ५ टक्के, म्हणजे शंभर पटीहून जास्त. हे प्रमाण वाढलं की तंतू वाढतात.

अन्नाची चणचण. खायला भरपूर असेल, तर बुरशी जागेवर बसून गोल पेशींनीच वाढते. नायट्रोजनसारखी महत्त्वाची गोष्ट कमी पडली, की ती लांब तंतू टाकून पुढची जागा शोधते. पाण्याच्या शोधात झाडाचं मूळ खोल जातं, तसंच काहीसं.

दाटी. पेशींची गर्दी फार झाली, की त्या फार्नेसॉल नावाचा एक पदार्थ बाहेर सोडतात. तो इतर पेशींना सांगतो, "आता तंतू नको, गोलच राहा." गर्दी विरळ असेल तर हा निरोप कमी पडतो आणि तंतू फुटतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या संशोधकांनी २००१ मध्ये हा पदार्थ ओळखला. दाट पेरलेलं रोप आणि विरळ रोप वेगळं वाढतं, तसा हा बुरशीतला प्रकार.

आधार. तंतूच्या टोकाला स्पर्श कळतो. पृष्ठभागावर चर किंवा भेग असली, की टोक तिच्या कडेकडेने सरकतं. कातडी कुजून भेगाळलेली असेल, तर तिला आयती वाट मिळते.

यातली एकच गोष्ट बदलली म्हणून लगेच रोग होतो, असं नाही. पेशीच्या आत हे सगळे निरोप एकत्र जमतात. काही पुढे ढकलतात, काही ब्रेक लावतात. एनआरजी-१ नावाचा एक ब्रेक आहे. तो लागलेला असतो तोवर गोल रूप टिकतं. पुरेसे इशारे जमले की ब्रेक सुटतो.

रूप बदललं म्हणून खरंच बिघडतं का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. तंतू दिसतात म्हणून रोग होतो, की रोग झाल्यावर तंतू दिसतात?

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने कॅन्डिडाची दोन जनुकं निकामी केली. त्यामुळे तिला तंतू काढणं जमेना. उंदरांना नेहमीची कॅन्डिडा टोचली, तेव्हा ते मेले. तंतू न काढणारी टोचली, तेव्हा ते वाचले. पण शंका उरलीच. जनुकं काढल्यामुळे बुरशी इतर बाबतीतही दुबळी झाली असेल, तर?

२००३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या संशोधकांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी वर सांगितलेल्या एनआरजी-१ या ब्रेकला एक बटण जोडलं. डॉक्सिसायक्लिन हे औषध मिळालं की ब्रेक सुटायचा, औषध नसेल तर ब्रेक लागलेला राहायचा. (हे बटण त्या प्रयोगातल्या बुरशीत मुद्दाम बसवलेलं होतं. एरवी हे औषध घेतल्याने बुरशी तंतू काढते, असा याचा अर्थ नाही.) मग ही एकच बुरशी सगळ्या उंदरांना टोचली. ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात औषध होतं, त्यांच्या अंगात तंतू फुटले आणि ते मेले. ज्यांना साधं पाणी दिलं, ते वाचले. वाचलेल्यांच्या अवयवांतही बुरशी भरपूर पोचलेली होती, पण ती गोल रूपातच होती.

म्हणजे बुरशी अंगात किती आहे याइतकंच ती कोणत्या रूपात आहे, हेही महत्त्वाचं.

पुढचा दुवा २०१६ मध्ये मिळाला. ब्रिटन आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी कॅन्डिडाचं विष शोधलं. त्याला कॅन्डिडालायसिन असं नाव दिलं. प्रथिनाचा हा ३१ कड्यांचा लहानसा तुकडा आपल्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतो. आणि तो मुख्यतः तंतूंमधूनच बाहेर पडतो. गोल रूपात त्याचं जनुक जवळजवळ झोपलेलंच असतं. त्यामुळे तोंडात बुरशी असूनही वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस अचानक आग, जळजळ, लाली सुरू होते.

पण गोल रूप निरुपद्रवी, तंतू तेवढे वाईट, असंही म्हणता येत नाही. रक्तातून एका अवयवातून दुसऱ्यात पसरायला गोल पेशी सोयीच्या. तिथे घट्ट बसून आत शिरायला तंतू सोयीचे. दोन्ही रूपं आलटून पालटून वापरता येणं, हीच या बुरशीची ताकद आहे. दवाखान्यात अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाच्या शिरेतल्या नळीवर दोन्ही रूपं मिळून चिवट थर धरतात. तो थर औषधालाही सहजासहजी दाद देत नाही.

आपल्या रोजच्या जगण्यात तिला वापसा कोण देतं?

आता प्रयोगशाळेतून घरात येऊ. बुरशीला हवी ती परिस्थिती अनेकदा आपल्याच सवयींमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे तयार होते.

मनाने घेतलेली अँटिबायोटिक्स हे मोठं कारण. सर्दी झाली, ताप आला, मागच्या वेळची उरलेली गोळी घेतली. सर्दी बहुधा विषाणूची, तिच्यावर या गोळीचा उपयोग नाही. पण तोंडातले, आतड्यातले, योनीमार्गातले चांगले जिवाणू मात्र मरतात. हे जिवाणू जागा अडवून बसलेले असतात, अन्न खातात आणि बुरशीला दाबून ठेवणारे पदार्थ सोडतात. ते गेले की शेत तणाला मोकळं. अँटिबायोटिकनंतर काही स्त्रियांना खाज येते, दह्यासारखा पांढरा स्राव जातो, तो यामुळे.

मधुमेह हे दुसरं. साखर वाढलेली असली, की लाळेत, लघवीत, कातडीच्या घडीतही साखर जास्त असते. शिवाय बुरशीला पकडून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. वारंवार बुरशी होणाऱ्या माणसाने एकदा साखर तपासून घ्यावी, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या औषधाचं काम चांगलं आहे, पण जननेंद्रियाजवळ बुरशी होण्याची शक्यता वाढते. असं झालं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. ती जागा रोज धुऊन कोरडी ठेवावी.

तिसरं म्हणजे ओल. दिवसभर चिखलात पाय, ओले बूट, ओली लंगोटी, न बदललेलं डायपर, घामाने भिजलेला ब्लाउज. ऊब आणि ओल एकत्र आली, कातडी मऊ पडून भेगाळली, की बुरशीला दारच उघडलं.

तोंडातली कवळी रात्रभर तशीच ठेवली, तर तिच्याखाली थर साचतो. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरली नाही, तर औषध घशात चिकटून राहतं आणि तिथली राखण कमी होते. गरोदरपणातही शरीरातल्या बदलांमुळे योनीमार्गात बुरशी वाढण्याची शक्यता जास्त असते. कॅन्सरचे उपचार, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू असलेल्या माणसांत हा धोका सर्वांत मोठा.

'थ्री-इन-वन' मलमाचा फास

गावागावांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे. खाज आली, की मेडिकलमधून एक ट्यूब आणायची. तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात : एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि एक जोरदार स्टिरॉइड, उदाहरणार्थ बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल.

स्टिरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत पळते. माणसाला वाटतं, बरं झालं. पण लाली ही शरीराच्या राखणदारांची हालचाल असते. स्टिरॉइडने राखणदारच झोपवला. बुरशी तिथेच आहे आणि आता तिला अडवणारं कोणी नाही. ट्यूब थांबवली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. वर्षभरात कातडी पातळ होते, मांडीवर कायमचे पांढुरके ओरखडे पडतात. लहान बाळाच्या लंगोटीच्या जागी असं मलम लावणं तर फारच धोक्याचं, कारण तिथली नाजूक कातडी औषध पटकन शोषून घेते.

म्हणून ट्यूब घेताना तिच्यावरची नावं वाचून घ्यावीत. कळत नसेल तर आशा ताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.

सगळी बुरशी सारखी नसते

गजकर्ण किंवा नायटा, म्हणजे कडेला उठलेली गोल चकती, हाही बुरशीचाच आजार. पण ती बुरशी वेगळी, कातडी-नखं-केस खाणारी. ती कायम तंतूंच्या रूपातच असते आणि माणसाकडून माणसाला, कधी जनावरांकडूनही लागते. कॅन्डिडाचं औषध तिला लागू पडेलच असं नाही. कातडी हलकेच खरवडून, त्यावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, की फरक बऱ्याचदा काही मिनिटांत समजतो.

काही बुरशींची चाल कॅन्डिडाच्या नेमकी उलटी असते. हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी पक्षी आणि वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत तंतूंच्या रूपात राहते. तिचे बीजकण श्वासातून फुफ्फुसात गेले आणि ३७ अंशाची ऊब मिळाली, की ती गोल यीस्ट होते आणि त्या रूपात आजार करते. रूप कोणतं वाईट, हे जातीप्रमाणे बदलतं. परिस्थिती बदलली की रूप बदलतं, हा नियम मात्र दोघींना लागू.

कॅन्डिडा ऑरिस ही आणखी एक नातेवाईक. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या नमुन्यावरून तिची ओळख पटली. ती तंतू फारशी काढत नाही, तरी मोठ्या रुग्णालयांत ती डोकेदुखी ठरली आहे, कारण अनेक औषधांना ती दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यात सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ऑरिस या दोन्ही आहेत.

औषध निघालं शेताच्या मातीतून

बुरशीवरची औषधं मुळात कमी आहेत. कारण बुरशीची पेशी बऱ्याच बाबतीत माणसाच्या पेशीसारखी असते. तिला मारणारं औषध माणसालाही बाधू शकतं. त्यामुळे फरक शोधून नेमका तिथेच घाव घालावा लागतो.

असं पहिलं उपयोगी औषध सापडलं ते मातीत. अमेरिकेत एलिझाबेथ ली हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन महिला शास्त्रज्ञ न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करत होत्या. हेझनबाईंनी ठिकठिकाणची माती तपासली. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या दुग्धशाळेच्या शेतातल्या मातीत त्यांना एक जिवाणू मिळाला. त्याने सोडलेला पदार्थ बुरशीला मारत होता. १९५० मध्ये त्यांनी तो जाहीर केला. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हणतात. तोंडातल्या बुरशीसाठी त्याचे थेंब आजही दिले जातात. बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, माणसाच्या पेशीत तो नसतो. निस्टॅटिन त्यालाच धरतं आणि आवरण फोडतं. क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोल ही औषधं हाच पदार्थ तयार होऊ देत नाहीत.

औषधं मोजकी असल्यामुळे ती वाया घालवणं परवडणारं नाही. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडला, की उरलेली बुरशी पुन्हा डोकं वर काढते. बुरशीला मारण्याऐवजी तिचं रूप बदलूच न देणारं औषध निघेल का, यावर जगभर काम चाललं आहे. ते अजून दवाखान्यापर्यंत पोचलेलं नाही.

मग घरात काय करायचं?

बाळाच्या तोंडात पुसून न निघणारा पांढरा थर दिसला, तर खरवडू नये. मधात टाकणखार घालून लावायची जुनी रीत अजून काही घरांत आहे, ती बंद करावी. टाकणखार तान्ह्या बाळाला विषारी ठरू शकतो आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. आरोग्य केंद्रात दाखवावं. आईच्या स्तनाग्राला आग किंवा भेगा असतील, तर तेही सांगावं. दोघांचा उपचार एकत्र झाला नाही, तर बुरशी एकमेकांकडे फिरत राहते. दूध पाजणं थांबवायची गरज नसते. बाटली, बोंडलं वापरात असेल तर रोज उकळावं.

चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. धुण्यापेक्षा पुसणं जास्त महत्त्वाचं. जमेल तिथे गमबूट वापरावेत, पण आतून ओले झाले तर वाळवूनच घालावेत. सतत पाण्यात काम करणाऱ्या बायकांनी काम संपलं की हात आणि नखांच्या कडा कोरड्या कराव्यात. कातडीच्या घडींत सुती कापड ठेवावं, घामेजलेले कपडे बदलावेत. डायपर किंवा लंगोट ओली झाली की लगेच बदलावी.

कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकावी. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हाच बुरशीवरचा अर्धा उपाय. अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं तरच, आणि दिलं तेवढे दिवस.

योनीमार्गाची खाज किंवा स्राव याबद्दल बोलायला बायका संकोचतात आणि महिनोन्‌महिने अंगावर काढतात. हा काही लाजेचा किंवा अस्वच्छतेचा आजार नाही. पण दुसऱ्या संसर्गांतही अशाच तक्रारी असतात, म्हणून तपासणी हवी. आतून साबणाने किंवा डेटॉलने धुऊ नये, त्याने चांगले जिवाणूच मरतात.

गिळताना दुखत असेल, ताप असेल, बाळ दूध घेत नसेल, वर्षातून तीन-चार वेळा तोच त्रास उलटत असेल किंवा आधीच मधुमेह, कॅन्सर, एचआयव्हीचे उपचार चालू असतील, तर घरगुती उपायात दिवस घालवू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं.

पहिल्या घराकडे पुन्हा बघितलं, तर आता चित्र स्पष्ट होतं. बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची. आजीची साखर वाढलेली. सुनेचे हात कायम ओले. घरधन्याचे पाय चिखलात कुजलेले. प्रत्येकाच्या अंगात बुरशीला वेगवेगळ्या कारणाने वापसा मिळाला. औषधाने आलेलं तण निघेल. पण ओल, साखर आणि मनाने घेतलेल्या गोळ्या तशाच राहिल्या, तर पुढच्या पावसाला ते पुन्हा उगवणार, हे शेतकऱ्याला कोणी वेगळं सांगायला नको.